भूशास्त्रज्ञ ब्लॅनफर्ड

नंदुरबार जिल्ह्याच्या उत्तर भागात, सातपुड्याच्या रांगांत, तोरणमाळचे पठार आहे. समुद्रसपाटीपासून अकराशे मीटरांहून अधिक उंचीवर वसलेले हे स्थान यशवंत तलाव, सीताखाईची खोल दरी आणि गोरक्षनाथांचे मंदिर यांमुळे महाराष्ट्रात सर्वपरिचित झाले आहे. महाशिवरात्रीच्या यात्रेला येथे भाविकांची रीघ लागते. पठारावरून दक्षिणेकडे शहाद्याच्या बाजूस उतरू लागले, म्हणजे काळ्या कातळाचे थर एकाखाली एक, एखाद्या प्रचंड जिन्याच्या पायऱ्यांसारखे मांडलेले दिसतात. आणि हा जिना जेथे संपतो, तेथून तापीचे मैदान, जणू कोणी फळी मारून सारखे केले असावे, असे एकदम पसरते. उत्तरेकडे हेच डोंगर उतरत उतरत नर्मदेच्या खोल दरीपर्यंत जातात.

या देखाव्यात एक कोडे दडलेले आहे. गोदावरी, भीमा, कृष्णा या दख्खनच्या थोर नद्या पूर्वेची वाट धरतात. नर्मदा आणि तापी मात्र मधल्या सातपुड्याला दोन्ही अंगांनी बिलगून, जवळजवळ समांतर, पश्चिमेकडे धावतात. दोन लांबट सखल पट्टे आणि त्यांच्यामध्ये उभी राहिलेली डोंगराची भिंत, ही रचना केवळ पावसापाण्याने घडली असेल काय? या प्रश्नाचे समाधानकारक उत्तर मिळण्यास शंभराहून अधिक वर्षे लागली. परंतु ज्या नोंदींवाचून ते उत्तर मिळालेच नसते, त्या नोंदी ज्यांनी तंबू, हातोडा आणि वही एवढ्या साहित्यानिशी गोळा केल्या, त्यांचे नाव विल्यम टॉमस ब्लॅनफर्ड.

ब्लॅनफर्ड यांचा जन्म ता. ७ ऑक्टोबर १८३२ रोजी लंडन शहरात झाला. त्यांच्या वडिलांचा नक्षीदार सोनेरी चौकटी तयार करण्याचा कारखाना होता. मुलाने पुढे तोच व्यवसाय सांभाळावा, अशी योजना असल्यामुळे ब्रायटन व पॅरिस येथील शाळांतील शिक्षण आटोपताच विल्यमला इटलीतील चिव्हितावेक्किया या बंदराच्या गावी एका व्यापारी पेढीत ठेवण्यात आले. तेथे त्यांनी दोन वर्षे काढली. इ. स. १८५१ मध्ये ते लंडनला परतले आणि वडिलांच्या कारखान्यात काम करू लागले. परंतु त्याच सुमारास लंडनमध्ये खाणकामाचे शिक्षण देणारी एक नवी सरकारी शाळा निघाली होती. विल्यम आणि त्यांचा धाकटा भाऊ हेन्री या दोघांनीही तिच्यात नाव घातले. चौकटींचा कारखाना मागे पडला, तो कायमचाच. पुढे विल्यम जर्मनीतील फ्रायबर्ग येथील प्रसिद्ध खाणविद्यालयात वर्षभर राहिले आणि खडकांची प्रत्यक्ष पारख शिकून आले.

भारताच्या भूगर्भाची पाहणी करण्यासाठी टॉमस ओल्डहॅम यांच्या हाताखाली एक खाते कलकत्त्यास स्थापन झाले होते. त्या खात्यात दोघा भावांना नेमणुका मिळाल्या आणि इ. स. १८५५ मध्ये ते कलकत्त्यास उतरले. दोघांचीही कीर्ती पुढे झाली, पण निरनिराळ्या क्षेत्रांत. हेन्री यांचे लक्ष हवापाण्याकडे वळले आणि इ. स. १८७५ मध्ये स्थापन झालेल्या भारतीय वेधशाळा-खात्याचे ते पहिले प्रमुख झाले. विल्यम मात्र जमिनीलाच धरून राहिले.

पहिल्याच कामगिरीत त्यांच्या बुद्धीची कसोटी लागली. ओरिसातील तालचेर येथे दगडी कोळशाच्या थरांखाली बारीक चिखलाचा एक थर आहे आणि त्या चिखलात लहानमोठे गोटे, काही तर माणसाला उचलणार नाहीत एवढे धोंडे, रुतून बसलेले आहेत. वाहते पाणी जड धोंडे एकीकडे टाकते आणि बारीक गाळ दुसरीकडे नेते. दोन्ही एकाच जागी कसे आले? धोंडे वाहून आणण्याचे काम बर्फाने केले असावे, असे मत ब्लॅनफर्ड बंधूंनी आपल्या सहकाऱ्यासह मांडले. ओरिसासारख्या उष्ण प्रदेशात बर्फ, ही कल्पना त्या काळी अनेकांना विचित्र वाटली. परंतु डोळ्यांना जे दिसले, ते लोकांना चमत्कारिक वाटेल म्हणून झाकून ठेवण्याचे कारण या तरुणांना दिसले नाही. पुढे आफ्रिकेत व ऑस्ट्रेलियातही तसेच धोंड्यांचे थर सापडले आणि त्यांचे अनुमान खरे ठरले.

त्यानंतर बंगालमधील राणीगंजच्या कोळसाक्षेत्राची पाहणी त्यांच्याकडे आली. येथे प्रस्तरभंगाशी त्यांचा नित्याचा परिचय झाला. जमिनीतील खडकांना भेग पडावी आणि भेगेच्या एका बाजूचा भाग दुसरीच्या मानाने खाली सरकावा, यास प्रस्तरभंग म्हणतात. खाणीतील कामगार कोळशाचा थर खोदीत पुढे जात असता एकाएकी समोर कोरडा खडक येतो. कोळसा नाहीसा झालेला असतो. तो नाहीसा झालेला नसतो, तर भंगरेषेवर तुटून काही हात किंवा काही शे हात खाली गेलेला असतो. तो किती खाली गेला हे सांगता आले नाही, तर खाण बुडते. राणीगंज क्षेत्राची दक्षिण सीमा अशाच एका प्रचंड प्रस्तरभंगाने आखलेली आहे. कोळशाचे थर त्या रेषेपाशी खोल खचले, म्हणूनच ते पावसापाण्याने धुऊन न जाता सुरक्षित राहिले. जमिनीचे खचणे हे नेहमी नुकसानच करते असे नाही, हे यावरून दिसते.

ब्रह्मदेशातील अल्पशा कामगिरीनंतर इ. स. १८६२ मध्ये ब्लॅनफर्ड यांची मुंबई इलाख्यात नेमणूक झाली आणि पुढील चार वर्षे ते पश्चिम भारतात हिंडत राहिले. पावसाळा संपला की तंबू, बैल व बिऱ्हाड घेऊन बाहेर पडावयाचे, उन्हाळा असह्य होईपर्यंत दररोज काही कोस पायी किंवा घोड्यावरून चालावयाचे, नदीचा प्रत्येक घसारा आणि घाटाचा प्रत्येक कापलेला भाग तपासावयाचा, आणि पावसाळ्यात परत येऊन नोंदी लिहावयाच्या, असा या खात्यातील अधिकाऱ्यांचा क्रम असे. सातपुड्याच्या जंगलात हिवतापाची भीती मोठी होती. रस्ते नव्हते. डोंगरातील पाऊलवाटा भिल्ल व पावरा लोकांनाच ठाऊक असत. त्यांच्यावाचून परक्या माणसाला त्या रानातून पाऊलही टाकता आले नसते. मोजणीखात्याचे नकाशे कित्येक ठिकाणी अपुरे होते. अशा स्थितीत तापीचे खोरे, नर्मदेचे खालचे खोरे आणि लगतचा मुलूख यांची भूगर्भीय पाहणी त्यांनी तडीस नेली. आज नंदुरबार जिल्हा म्हणून ओळखला जाणारा प्रदेश त्या वेळी अखंड खानदेशाचा पश्चिम भाग होता.

या पाहणीतील पहिली मोठी गोष्ट काळ्या कातळासंबंधी होती. दख्खनचा हा कातळ म्हणजे थंड झालेला शिलारस, हे तोपर्यंत कळून चुकले होते. तथापि तो समुद्राच्या तळाशी वाहिला, असे काही अभ्यासक मानीत. थराथरांच्या मधे सापडणारे तळ्यांतील गाळाचे पट्टे आणि गोड्या पाण्यातील शंखशिंपले यांवरून हे सर्व रसलोट उघड्या जमिनीवर पसरले, याविषयी ब्लॅनफर्ड यांची खात्री पटली. एक लोट निवावा, त्यावर माती धरावी, तळी साचावीत, त्यांत जीव नांदावेत आणि मग पुन्हा दुसऱ्या लोटाने सारे झाकून टाकावे, असे वारंवार घडले होते. हे लोट सुमारे ६ कोटी ६० लक्ष वर्षांपूर्वीचे आहेत, हे आता निश्चित झाले आहे. तोरणमाळच्या उतारावर अशा थरांची एकूण जाडी साडेआठशे मीटरांहून अधिक भरते, इ. स. २००० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात पायथ्यापासून माथ्यापर्यंतच्या थरांचे रासायनिक पृथक्करण करण्यात आले आहे.

दुसरी गोष्ट याहून सूक्ष्म होती. नर्मदेच्या खोऱ्यात बाघ या गावाच्या आसपास काळ्या कातळाच्या खाली चुनखडकाचे थर आहेत आणि त्यांत समुद्रातील प्राण्यांचे अवशेष सापडतात. ब्लॅनफर्ड यांनी या थरांचा सविस्तर अभ्यास केला. म्हणजे शिलारस येण्यापूर्वी या बाजूस समुद्राची एक जीभ लांबवर आत शिरली होती, आणि तीही नेमकी आजच्या नर्मदेच्याच दिशेने. समुद्र आत येण्यास जमीन अगोदरच सखल झालेली असली पाहिजे. राजपिपळ्याच्या डोंगरांत तर आणखी एक नवल दिसले. घाटमाथ्यावर काळ्या कातळाचे थर चौरंगावर ठेवलेल्या पोथीप्रमाणे आडवे असतात. येथे ते कलंडलेले होते, आणि त्यांना छेदून शिलारसाच्या उभ्या, अरुंद भिंती मोठ्या संख्येने वर आल्या होत्या.

ही सर्व हकिकत इ. स. १८६९ मध्ये खात्याच्या ग्रंथमालेत प्रसिद्ध झाली. तीत थरांची वर्णने आहेत, अंतरे आहेत, गावांची नावे आहेत. या साऱ्याचे मूळ कारण मात्र त्या काळी कोणालाच सांगता आले नसते. पृथ्वी हळूहळू निवत असून सुकणाऱ्या फळाप्रमाणे आक्रसत आहे आणि पर्वत म्हणजे तिच्या सालीवरील सुरकुत्या होत, असे त्या वेळचे थोर पंडित समजत. जी वस्तू आक्रसत आहे, तिच्या पाठीवर कोठेतरी ओढ बसून कवच ताणले जाईल, हा विचार त्या मताच्या चौकटीत सहजी बसणारा नव्हता. सोयीस्कर असे कारण ठोकून देऊन मोकळे होणे अवघड नव्हते. ब्लॅनफर्ड यांनी थर, कल आणि दिशा यांच्या नोंदी तेवढ्या चोख ठेवल्या. त्यांचे मोल पुढच्या शतकात कळले.

भूखंडाचे कवच साधारणतः ३५ ते ४० किलोमीटर जाड असते. त्याच्या वरच्या भागातील खडक थंड व ठिसूळ असतात. खोल जावे तसतशी उष्णता वाढत जाते आणि दहापंधरा किलोमीटरांच्या खाली पुष्कळसे खडक घन असूनही सावकाश वाहू शकतील इतके मऊ होतात. गुऱ्हाळात हा भेद उत्तम पाहावयास मिळतो. निवालेल्या ढेपेवर घाव घातला की ती फुटते, तिचे धारदार तुकडे होतात. पण तोच गूळ गरम असताना ओढला, तर तुटण्याऐवजी त्याच्या तारा निघतात. भूखंड दोन्ही बाजूंनी ओढले जाऊ लागले म्हणजे नेमके हेच होते. वरचा ठिसूळ थर तडकतो. तडा सरळ उभ्या नसतात, तिरप्या असतात. त्यामुळे ओढ वाढेल तसा दोन तडांमधील एखादा लांबट तुकडा पाचरीसारखा खाली घसरतो आणि शेजारचे तुकडे उंच राहतात. खचलेल्या पट्ट्यास खचदरी व उंच राहिलेल्या भागास गटपर्वत म्हणतात. एका वेळी हे सरकणे फार तर काही हातांचे असते, आणि प्रत्येक वेळी भूकंप होतो. हजारो वेळा सरकून, लक्षावधी वर्षांनी, दरी बनते.

याच तडा खोलवर गेल्या की त्यांचे रूप पालटते. तेथे स्वच्छ भेग राहत नाही. काही मीटरांपासून काही किलोमीटर रुंदीच्या एका पट्ट्यात सगळा खडक एकमेकांवरून घसरत, चेपत, लांबत जातो. त्यातील गारेचे कण गुळाच्या तारेप्रमाणे ओढले जाऊन खडकाला बारीक, समांतर रेघांचे पोत येते. अशा पट्ट्याला कर्तन-पट्टा म्हणतात. वरचा प्रस्तरभंग आणि खालचा कर्तन-पट्टा ही एकाच ओढीची दोन रूपे होत. खालचे रूप सहसा दिसत नाही. कोट्यवधी वर्षांच्या झिजेने वरचे किलोमीटरच्या किलोमीटर खडक निघून गेले, तरच ते उघडे पडते. ओढ हेच कर्तन-पट्ट्याचे एकमेव कारण आहे असेही नाही. भूखंडे एकमेकांवर रेटली गेली किंवा एकमेकांना घासून गेली, तरी खोल भागात तसेच पट्टे तयार होतात.

नर्मदा-तापीच्या प्रदेशात हे सर्व प्रकार एकत्र नांदतात. येथील मूळ सांधा फार जुना आहे. शंभर कोटींहून अधिक वर्षांपूर्वी उत्तरेचे बुंदेलखंडाचे आणि दक्षिणेचे बस्तरचे असे दोन प्राचीन भूभाग या ओळीवर एकमेकांना जोडले गेले. त्या सांध्यातील एक कर्तन-पट्टा सातपुड्याच्या पूर्व भागात कन्हान नदीच्या खोऱ्याकडे आजही उघडा पाहावयास मिळतो. शिवलेले कापड फाटू लागले, तर ते बहुधा शिवणीवरच उसवते. पुढे भूखंडावर ओढ बसली तेव्हा या जुन्या शिवणीवरच नव्या तडा गेल्या. प्रथम सातपुड्याच्या पूर्वेकडील भागात कोळशाचे थर साचविणारी खोलगट जमीन झाली; नंतर बाघपर्यंत समुद्र आला; आणि अखेर त्या तडांतून शिलारस वर चढला.

या शेवटच्या घटनेचा पुरावा नंदुरबार व धुळे जिल्ह्यांत जागोजाग उभा आहे. तापीच्या दक्षिणेस मोकळ्या माळावर काळ्या दगडांच्या सरळ, अरुंद डोंगरसोंडा दूरवर गेलेल्या दिसतात. एखाद्या पडक्या तटाचाच भास व्हावा. त्या शिलारसाच्या भिंती होत. जमिनीतील भेगांत शिलारस निवून घट्ट झाला आणि भोवतालचा खडक झिजून गेल्यावर तो उघडा पडला. इ. स. २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात अशा २१० भिंतींची मोजदाद केली आहे. साक्री, धुळे व पारोळे या गावांच्या बाजूने जाणारी त्यांतील एक भिंत ७९ किलोमीटर लांब आहे. या भिंतींची दिशा बहुतांशी पूर्व-पश्चिम आहे, आणि त्यातच सारे मर्म आहे. कापडाला आडवे ओढले तर ते उभे फाटते. भेग पूर्व-पश्चिम असेल, तर ओढ उत्तर-दक्षिण असली पाहिजे. तोरणमाळच्या पायथ्याच्या मुलखाला एके काळी कोणत्या दिशेने ताण बसला, हे या दगडी तटांवरून असे थेट वाचता येते.

तापीच्या मैदानाखाली गाळ शेकडो मीटर खोल आहे. हैदराबाद येथे इ. स. १९६१ मध्ये स्थापन झालेल्या राष्ट्रीय भूभौतिकी संशोधन संस्थेने पुढील दोन-तीन दशकांत नर्मदा व तापी ओलांडून जाणाऱ्या रेषांवर लहान स्फोट घडवून त्यांच्या लहरी नोंदविल्या. काळ्या कातळाच्याही खाली जुन्या गाळाचे जाड थर दडलेले असून मोठे प्रस्तरभंग कवचात खोलवर गेले आहेत, असे त्या नोंदींवरून आढळून आले. अमरावती जिल्ह्याच्या उत्तरेस गाविलगडच्या डोंगरांची सरळ कडा अशाच एका प्रस्तरभंगाने आखली आहे. सालबर्डीजवळ तर तो इतका उघड आहे, की काळ्या कातळाच्या शेजारी त्याहून कितीतरी जुने खडक वर आलेले दिसतात. शहादे तालुक्यातील उनपदेव येथे गोमुखातून गरम पाणी अखंड वाहते. पावसाचे पाणी खोल भेगांतून आत उतरते, तेथील उष्णतेने तापते आणि दुसऱ्या भेगेने वर येते. तरीही सातपुड्याची प्रत्येक कडा म्हणजे प्रस्तरभंगच, असे समजणे चुकीचे होईल. तोरणमाळच्या दऱ्याखोऱ्यांना आजचे रूप देण्यात पावसाचा आणि ओढ्यांचा वाटा फार मोठा आहे. खचण्याने आराखडा दिला. कोरीवकाम पाण्याने केले.

ती ओढ केव्हाच संपली आहे. भारतभूमी उत्तरेकडे सरकत जाऊन सुमारे ५ कोटी वर्षांपूर्वी आशियाला भिडली आणि तेव्हापासून तिच्यावर रेटा बसत आहे. ज्या तडांवर जमीन पूर्वी खाली घसरली, त्याच तडांवर आता ती कोठे कोठे उलट वर ढकलली जाते. ता. १४ मार्च १९३८ रोजी सातपुड्यात झालेला मोठा भूकंप, ता. २३ मार्च १९७० रोजी भडोचला झालेला भूकंप आणि ता. २२ मे १९९७ रोजी जबलपूरला झालेला जीवघेणा भूकंप हे सर्व या जुन्या शिवणीवरील होत. जबलपूरचा धक्का सुमारे ३५ किलोमीटर खोलीवरून आला होता. गुऱ्हाळाच्या दृष्टांताप्रमाणे तेथे खडक मऊ असावयास हवा. पण येथील जुने कवच खालपर्यंत निवून टणक झालेले आहे आणि म्हणून ते इतक्या खोलवरही तडकू शकते. सगळ्या भूखंडांना एकच माप लावून चालत नाही.

ब्लॅनफर्ड यांना स्वतःला अशी जिवंत खचदरी पाहण्याचा योग लवकरच आला होता, पण ती पाहताना तिचे रहस्य त्यांनाही उकलणे शक्य नव्हते. इ. स. १८६७ च्या अखेरीस इंग्रज सरकारने ॲबिसिनियावर स्वारी केली. सेनापती नेपियर यांच्या हाताखालील बरेचसे सैन्य मुंबई इलाख्यातील होते, आणि त्यांच्याबरोबर भूशास्त्रज्ञ म्हणून ब्लॅनफर्ड यांना पाठविण्यात आले. तांबड्या समुद्राच्या काठी झुला येथे उतरून सैन्याने उभी चढण चढून उंच पठार गाठले आणि तेथून मॅगडाल्याच्या किल्ल्यापर्यंत मजल मारली. लढाईच्या गडबडीत ब्लॅनफर्ड खडक तपासीत आणि प्राणी-पक्ष्यांचे नमुने जमवीत राहिले. सह्याद्रीप्रमाणेच तेथेही काळ्या कातळाचे थरावर थर पाहून त्यांनी त्यांचे दोन गट पाडले आणि त्यांना मॅगडाला व अशांगी अशी नावे दिली. त्यांचा ग्रंथ इ. स. १८७० मध्ये प्रसिद्ध झाला. ज्या कडेवरून ते चढून गेले, ती तांबड्या समुद्राच्या खचण्याची कडा होती; तेथे अरबस्तान आणि आफ्रिका अद्यापही वर्षाला काही मिलिमीटर या गतीने एकमेकांपासून दूर होत आहेत. पूर्व आफ्रिकेतील या प्रचंड दऱ्या कवच ताणले गेल्याने पडल्या, असे ऑस्ट्रियातील पंडित सूस यांनी इ. स. १८९१ मध्ये मांडले आणि ग्रेगरी यांच्या प्रवासानंतर खचदरी हा शब्द जगभर रूढ झाला. सातपुड्यातील जुनी, थंडावलेली खचदरी आणि आफ्रिकेतील धगधगती खचदरी या दोहोंच्या काठांवरून चार-पाच वर्षांच्या अंतराने चालून गेलेला भूशास्त्रज्ञ त्या काळी विरळाच असेल.

यानंतरही त्यांची भटकंती थांबली नाही. इराणची सरहद्द आखणाऱ्या मंडळाबरोबर त्यांनी बलुचिस्तान व इराण पालथे घातले. नंतर सिंधची पाहणी केली. इ. स. १८७४ मध्ये लंडनच्या रॉयल सोसायटीने त्यांना आपले सदस्यत्व दिले. इ. स. १८७९ मध्ये मेडलिकॉट यांच्या सहकार्याने त्यांनी भारताच्या भूशास्त्रावरील पहिला समग्र ग्रंथ प्रसिद्ध केला. काश्मीरपासून त्रावणकोरपर्यंतच्या खडकांची तोपर्यंत विखुरलेली माहिती त्यामुळे प्रथमच एके ठिकाणी आली.

इ. स. १८८२ मध्ये ते निवृत्त होऊन लंडनला गेले. तेथे त्यांनी भारतातील प्राण्यांविषयीच्या मोठ्या ग्रंथमालेचे संपादन हाती घेतले. सस्तन प्राण्यांवरील भाग व पक्ष्यांवरील दोन भाग स्वतः लिहिले. खडकांचा अभ्यासक प्राण्यांकडे कसा वळला, याचे काहींना आश्चर्य वाटे. परंतु त्यांच्या दृष्टीने हे दोन विषय वेगळे नव्हते. भारतातील कित्येक प्राण्यांचे भाईबंद आफ्रिकेत आढळतात. मधे एवढा समुद्र असता हे कसे झाले? खंडे आणि महासागर आपापल्या जागी अनादिकाळापासून स्थिर आहेत, असे वॉलेस यांच्यासारखे विख्यात निसर्गशास्त्रज्ञ म्हणत असत. ब्लॅनफर्ड यांनी त्यांच्याशी उघड मतभेद दर्शविला. इ. स. १८९० मध्ये लंडनच्या भूशास्त्रीय परिषदेचे अध्यक्ष या नात्याने केलेल्या भाषणात भारत आणि दक्षिण आफ्रिका एके काळी जमिनीने जोडलेले असले पाहिजेत, या पक्षाचे पुरावे त्यांनी सविस्तर मांडले. ही जमीन नंतर समुद्रात बुडाली, असे त्यांना वाटे. ती बुडाली नाही, तर ताणली जाऊन फाटली आणि तिचे तुकडे दूर गेले, हे ज्ञान अद्याप यावयाचे होते.

आयुष्याच्या उत्तरार्धात त्यांचे लक्ष जमिनीवरील गोगलगाईंवर केंद्रित झाले. हा प्राणी पक्ष्यासारखा उडत नाही आणि खारे पाणी त्याला सोसत नाही. म्हणून कोणत्या भूमी पूर्वी एकमेकींना लागून होत्या, याची साक्ष त्याच्याइतकी विश्वासाने फार थोडे प्राणी देऊ शकतात. भारतातील अशा गोगलगाईंवरील ग्रंथाचे काम त्यांनी बरेच पुढे नेले होते. परंतु ता. २३ जून १९०५ रोजी लंडन येथे, वयाच्या ७३ व्या वर्षी, त्यांचे निधन झाले. गॉडविन-ऑस्टिन यांनी तो ग्रंथ पुरा करून इ. स. १९०८ मध्ये प्रसिद्ध केला. त्यानंतर चार वर्षांनी, ता. ६ जानेवारी १९१२ रोजी, जर्मनीतील फ्रँकफुर्ट येथे आल्फ्रेड वेगेनर नावाचा एकतीस वर्षांचा तरुण व्याख्यानास उभा राहिला आणि भूखंडे फाटतात व सरकतात, असे त्याने जमलेल्या भूशास्त्रज्ञांना सांगितले. भारत आणि आफ्रिका यांची जोड त्याच्या पुराव्यांत होती. आणि ज्या बर्फाच्या खुणा ओरिसात ब्लॅनफर्ड बंधूंनी प्रथम ओळखल्या, त्या बर्फाचाही त्याने पुढे आधार घेतला.